खोक्याची पाठ

मी खोक्याची पाठ बंद केली. मूर्खपणा म्हणाल तर एवढाच. पुढं जे झालं त्यात उन्हाचा, टिपाडांचा आणि पाण्याच्या टँकरचाही हात होता, असं मी इतकी वर्षं घरात सांगत आलोय. पण माझा खुलासा शेवटपर्यंत ऐकून घ्यायची आमच्या घरात पद्धत नाही.

खोकं म्हणजे गिटारचं. विजेच्या गिटारला स्वतःचं पोट नसतं. नुसती तार छेडली तर डास गुणगुणल्याएवढा आवाज येतो. तो वायरीतून मशीनमध्ये जातो, मशीनमधून स्पीकरात, आणि स्पीकर ज्या लाकडी खोक्यात बसवलेला असतो ते खोकंच त्या गिटारचं पोट, छाती आणि नरडं. मी सुरुवातीला त्याला ‘पेटी’ म्हणायचो. आमच्या गायन पार्टीचे प्रमुख माझे चुलते. हार्मोनियम त्यांची आणि मुख्य आवाजही त्यांचाच. त्यांनी पहिल्याच दिवशी मला अडवलं.

“पेटी माझी. पार्टीत एकच पेटी असती. तुझं ते खोकं.”

तेव्हापासून खोकं.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच उस्मानाबादातून वेगळा झाला होता आणि मी एका नव्याकोऱ्या कचेरीत कारकून होतो. कचेरी इतकी नवी की टेबल आलं तर खुर्ची नाही आणि शिक्का आला तर शाई नाही. पाऊस दोन वर्षं रुसलेला. गावात चहाच्या टपरीवर दोनच विषय असायचे: कोणतं ऑफिस कुठं येणार, आणि टँकर कधी येणार. ऑफिसं तरी येत होती.

गिटार मी नांदेडहून आणली होती. तिथला एक ऑर्केस्ट्रा मोडला आणि त्यातल्या गिटारवाल्यानं लग्न ठरल्यामुळं गिटार, मशीन आणि खोकं तिन्ही मला देऊन टाकलं. खोक्याची पाठ उघडी होती. मागून बघितलं तर स्पीकरचा लोखंडी सांगाडा, चुंबक, लोंबणाऱ्या वायरी असा सगळा संसार दिसायचा. मी त्याला विचारलं, “ह्याचं मागचं झाकण कुठं हाय?”

“नसतंय साहेब. हे असंच असतंय. झाकू नका.”

मी मनात म्हटलं, हरवलं असणार, आणि आता सांगतोय असंच असतंय म्हणून. कचेरीत नोकरी लागली की माणसाला समोरचा खोटं बोलतोय असं आपोआप वाटायला लागतं.

त्या उघड्या खोक्याचा आवाज हलका होता. सुपातून दाणे पाखडावेत तसा मोकळा, पसरट. खालचे जाड सूर फारसे यायचेच नाहीत. त्याचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. स्पीकरचा पडदा पुढं ढकलतो तेव्हा मागून ओढतो. पाठ उघडी असली की मागचा आवाज कडेनं वळसा घेऊन पुढं येतो आणि पुढच्या जाड सुरांना खाऊन टाकतो. दोघा भावांनी एकाच बैलाला दोन बाजूंनी ओढावं तसं. बैल जागचा हलत नाही. वरचे बारीक सूर मात्र सुटून निघतात. ते पुढं जातात, मागं जातात, आणि पार्टीत बसलेल्या सगळ्यांना ऐकू येतात. आता हे मी फार समजुतीनं सांगतोय. तेव्हा मला एवढंच कळत होतं की माझ्या गिटारला छाती नाही.

त्याच सुमाराला आमच्या वहिनीचं गाणं निघालं. वहिनी धर्माबादकडची. तिचं माहेर पार तेलंगणाच्या शिवेला टेकलेलं, त्यामुळं घाबरली की तोंडून ‘अय्यो’ निघायचं. भांडी घासताना ती गुणगुणत होती, चुलत्यांनी ओसरीवरून ऐकलं आणि आईला म्हणाले, “वैनी, ह्या पोरीला पार्टीत घेतो. भीमजयंतीच्या गाण्याला बाईचा आवाज पाहिजे.”

आईनं सूप जवळ ओढलं. तांदूळ निवडत राहिली. दादाला विचारायचा प्रश्नच नव्हता, तो एसटीत कंडक्टर होता आणि घरात त्याचं मत फक्त सुट्ट्या पैशांबाबत घेतलं जायचं. मग आई म्हणाली, “एक डाव गाऊ दे. माझ्या माहेरी जयंतीला. मी मागं बायांत बसंन. शब्द न् शब्द कळला तर पुढं कुठंबी गाऊ दे. न्हाई कळला तर तिनं घरीच गावं.”

“शब्दाचं काय एवढं?” मी म्हटलं.

“चाल कुणीबी लावतंय,” आई म्हणाली. “आपल्या गाण्यात सांगायचं असतंय ते शब्दात असतंय. शब्द गेला तर नुसती बोंब राह्यली.”

आईचं म्हणणं खरं होतं. जयंतीच्या गाण्यात आमची अख्खी पिढी वाचायला शिकायच्या आधी इतिहास शिकली होती. आईला स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण कोणत्या गाण्यातला कोणता शब्द कोणत्या गायकानं चुकवला ते तिला पाठ होतं.

वहिनीनं त्या दिवसापासून ताकात मीठ दोनदा घातलं आणि चहात घातलंच नाही ते बरं. मला एकटं गाठून म्हणाली, “भावजी, एकच डाव हाय मला. तुम्ही जरा सांभाळून घ्या.”

मी सांभाळायचं ठरवलं. इथंच घात झाला.

दुष्काळात माणसाचं डोकं एकाच दिशेनं चालतं: कुठं गळतंय? नळ गळतोय, माठ पाझरतोय, टँकरचा पाइप फुटलाय, बंद करा, चिंधी बांधा, थेंब वाचवा. त्या डोक्यानं मी खोक्याकडं बघितलं आणि मला एकदम उजेड पडला. अर्धा आवाज तर मागून वाहून चाललाय! भिंतीला गाणं ऐकवून काय उपयोग? गळती बंद केली की सगळा आवाज पुढं. वहिनीच्या मागं भक्कम गिटार उभी राहील.

लाकूड कुठून आणायचं हाही प्रश्न नव्हता. जिल्हा नवा झाल्यावर गावातल्या जुन्या पाट्या उतरवल्या होत्या आणि त्यातली एक जाडजूड सागवानी पाटी आमच्या कचेरीच्या अडगळीत पालथी पडली होती. साहेबांना विचारलं तर म्हणाले, “घेऊन जा, पाय ठेचतोय तिला.” पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘जिल्हा उस्मानाबाद’ एवढंच शिल्लक होतं. मी ती मापात कापली, ‘उस्मानाबाद’ वाचलं, ‘जिल्हा’ गेला. खोक्याच्या पाठीला सरस लावून ती चिकटवली, वर चार खिळे. फटीत भुसा आणि सरस. आत आईच्या जुन्या उशीतला कापूस कोंबला, कारण पोकळी भरली की आवाज दणकट होतो असं मला कुणीतरी सांगितलं होतं. कुणी ते आठवत नाही, बहुतेक मीच.

तार छेडली आणि धप्! मांडणीवरची ताटं हलली. छातीवर कुणीतरी तळहात मारावा असा आवाज. मी खूश. चुलते मात्र खोक्याच्या मागं गेले, पाटी वाचली आणि म्हणाले, “आपला जिल्हा झाला लातूर अन् तुझं खोकं अजून उस्मानाबादलाच हाय व्हय?”

“आवाज बघा की काका.”

“आवाज बघायचा नसतो, ऐकायचा असतो. अन् मला तो हितं ऐकूच येईना. नुसतं पायाला कळून राह्यलंय.”

ते खरं होतं, पण मी त्याचा उलटा अर्थ काढला. बंद पाठीचं खोकं बॅटरीसारखं असतं: समोरच्याच्या तोंडावर झोत, आणि हातात धरणारा अंधारात. खोक्याच्या मागं बसलेल्याला, म्हणजे आम्हा पार्टीवाल्यांना, आवाज कमी यायचा. मी समजलो, आवाज कमीच आहे, आणि मशीनचं बटण आणखी पिरगाळलं. तालमीत वहिनीचा सूर दोनदा घसरला. तिला माझी गिटार ऐकूच येत नव्हती, मग ती सूर धरणार कशाचा? ती म्हणाली, “भावजी, पहिलं बरं होतं की हो.”

“खोलीत असंच वाटतंय वहिनी. मोकळ्या मैदानात बघा.”

मोकळं मैदान म्हणजे शिरूर अनंतपाळच्या अलीकडचं आईचं माहेर. जयंतीचा कार्यक्रम दुपार कलल्यावर ठेवला होता, कारण दिवेलागणीला वीज जायची ती तिच्या मर्जीनं यायची. विहाराच्या अंगणात मंडप, निळे झेंडे, आणि स्टेज. स्टेज बघून मला भरूनच आलं. गावातली सगळी रिकामी टिपाडं, म्हणजे पाणी साठवायची मोठी लोखंडी पिंपं, पालथी घालून त्यांच्यावर फळ्या टाकल्या होत्या. एरवी इतकी टिपाडं एका जागी मिळाली नसती. त्या वर्षी ती सगळी रिकामीच होती.

मी माझं खोकं बरोब्बर मधोमध, समोर तोंड करून ठेवलं.

आता ज्याला थोडीफार अक्कल आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. बंद खोकं, खाली पोकळ फळ्या, त्यांच्या खाली पोकळ टिपाडं. मी पहिली तार छेडली आणि अख्खं स्टेज डफासारखं बोललं. प्रत्येक टिपाडाचा आपापला सूर. माझी गिटार वाजत होती एका पट्टीत आणि टिपाडं त्यांच्या त्यांच्या. मला वाटलं, काय छाती भरलीय आवाजाला! पुढं बसलेली पोरं पोटावर हात ठेवून हसायला लागली. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं आपली काठी घेतली, उठला आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसला. मी समजलो, त्याला पाठीला टेकायला भिंत पाहिजे असेल.

चुलत्यांनी पहिलं गाणं रेटून नेलं. त्यांचा आवाज मोठा, तो खोक्याशी कुस्ती खेळू शकत होता. मग वहिनी उभी राहिली. निळी साडी, डोक्यावर पदर, हातात माइक असा धरलेला की जणू निसटून विहिरीत पडेल. मागं बायांच्या घोळक्यात आई. आईनं मान किंचित वाकडी केली होती, कान पुढं. तिची ही बसण्याची तऱ्हा मला लहानपणापासून माहीत होती. मार बसायच्या आधी ती अशीच ऐकून घ्यायची.

वहिनीनं तोंड उघडलं. मी जोरात साथ दिली.

कडवं अर्धं झालं असेल. मागून एक गडी ओरडला, “ओ बाई, गाणं म्हणा की! नुसतं तोंड का हालवून राह्यल्या?”

लोक हसले. वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावून ‘चालू द्या’ अशी खूण केली आणि बटण वाढवलं. माझ्या हिशोबानं, तिला धीर देत होतो. तिचा सूर सुटला तो मला दिसला, कारण ऐकू येण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. तिनं माइक खाली घेतला. मागं आई उठून उभी राहिली आणि तिनं पदर खोचला. आई पदर खोचून उठली की विषय संपला, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. वहिनीलाही. तिच्या तोंडून बारीक ‘अय्यो’ आलं, आणि तेवढंच नेमकं सगळ्यांना ऐकू आलं, कारण माझा हात तारेवरून उचलला गेला होता.

आई काही बोलायच्या आत रस्त्यावरून हॉर्न वाजला.

“टँकर! टँकर आला!”

मंडप उठला. रागावून नव्हे, माफी मागतच उठला. आयोजक हात जोडून स्टेजपाशी आले. “काका, जयभीम. लई वाईट वाटतंय, पर जरा खाली उतरता का? टिपाडं पाहिजेत.”

“कोणती टिपाडं?” मी विचारलं.

“तुमच्या बुडाखालची.”

आम्ही उतरलो. फळ्या निघाल्या, टिपाडं गडगडत निघाली, प्रत्येकाला आपलं टिपाड कोणतं ते नुसत्या पोच्यावरून ओळखू येत होतं. घाईत दोघांनी माझं खोकं उचललं, एकाचा पाय फळीत अडकला आणि खोकं पाठीवर आपटलं. उन्हानं सरस आधीच तडकला होता. ‘उस्मानाबाद’ खिळ्यांसकट निघून बाजूला पडलं, आणि आतून आईच्या उशीचा कापूस बाहेर आला.

“माझी उशी!” आई लांबूनच म्हणाली. तिला त्या गर्दीतही दिसली.

एका बाईनं ती सागवानी फळी उचलली, उलटसुलट बघितली आणि आपल्या भरलेल्या घागरीवर झाकण म्हणून ठेवून चालू पडली. मी “अहो, ते...” म्हणेपर्यंत उस्मानाबाद वळणावरून दिसेनासं झालं.

टँकर विहाराला लागूनच उभा होता. मंडपाच्या कडेकडेनं रांग लागली, वळली, पुन्हा मंडपात आली. चुलते खाली मातीवर मांडी घालून बसले, हार्मोनियम पुढं ओढली आणि वहिनीला म्हणाले, “पोरी, आता म्हण. रांगेतला माणूस उठून जात न्हाई. असा श्रोता पुन्हा मिळायचा न्हाई.”

वहिनी माझ्याकडं बघत म्हणाली, “खोकं?”

“मोडलं,” मी म्हटलं. माझं तोंड एवढंसं झालं होतं.

“चालू न्हाई का?”

मी तार छेडली. चालू होतं. पाठ उघडी, खाली मऊ माती, टिपाडं नाहीत. तोच जुना पाखडल्यासारखा आवाज, पुढं थोडा, मागं थोडा, जिकडं वाट मिळेल तिकडं. मला तो फार बारका वाटला. वहिनीनं मात्र डोळे मिटले, कारण खोक्याच्या मागं उभ्या असलेल्या तिला आता सूर ऐकू येत होता. तिनं तो पकडला आणि गायला लागली.

तिचा आवाज तसा मोठा नव्हता, पण तो कुठंच दबला नाही. गिटारचे जाड सूर नव्हते म्हणून तिच्या आवाजाला बसायला जागा होती. माझे सूर वर तरंगत होते, तिचे शब्द खालून चालत जात होते, आणि दोघांची कुठं टक्कर नव्हती. रांगेत गलका होता, कुणाचं टिपाड आधी यावर भांडण चालू होतं. दुसऱ्या कडव्याला भांडणारे दोघे आवाज खाली घेऊन भांडायला लागले. तिसऱ्याला थांबलेच. टँकरच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. पाइपातून पाणी पडण्याचा आवाज, आणि त्यावर वहिनी. पालुपद आलं की रांगेतल्या बाया, डोक्यावर घागर धरूनच, तिच्याबरोबर म्हणायला लागल्या. शब्द चुकवत नव्हत्या. म्हणजे कळत होते.

आई तिच्या भावजयीच्या घागरी घेऊन रांगेत उभी होती. तिचा नंबर आला, पाइप तिच्या घागरीत पडला, घागर भरली, वाहून जायला लागली, आणि मागच्या बाईनं “अवं आत्याबाई, पाणी!” म्हणून ओरडल्यावर आईनं पाइप काढला. त्या दुष्काळात आईनं पाणी सांडलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

गाणं संपल्यावर रांगेतून आवाज आले, “आणखी एक!” “तेच म्हणा, तेच!” वहिनीनं तेच म्हटलं, मग आणखी दोन. टँकर रिकामा होऊन गेला तरी अर्धे लोक भरलेली टिपाडं तिथंच ठेवून त्यांच्यावर टेकून उभे होते.

परत निघताना आई वहिनीशेजारी जीपमध्ये बसली. मग तिनं वहिनीच्या पदरावरची माती झटकली.

“दुसऱ्या कडव्यात एक शब्द गिळलास,” आई म्हणाली.

“हाव,” वहिनी म्हणाली. “श्वास पुरला न्हाई.”

“पुढल्या टायमाला आधी श्वास घे.” मग चुलत्यांकडं वळून, “भावजी, पुढचा कार्यक्रम कुठं हाय म्हणालात? हदगावला? लांब पडतंय. हिच्यासंगं मी येते.”

वहिनीनं बाहेर तोंड केलं. ती रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही. चुलते मात्र उघड हसत होते.

सगळं इतकं छान जमलं होतं की मला राहवलं नाही. शेवटी साथ मीच केली होती. खोक्याची पाठ निघून का होईना, तो मोकळा आवाज माझ्याच बोटांचा होता. मी मागच्या सीटवरून जरा पुढं वाकलो आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आन् माय, गिटार कशी वाटली?”

आईनं मागं वळून माझ्याकडं नीट बघितलं.

“तू वाजवून राह्यलता व्हय? मला वाटलं मामीला पाणी भरू लागायला गेलाय. तेच केलं असतं तर दोन घागरी तरी जास्त भरल्या असत्या.”